दुपारी अडीचची शिकवणी आणि 'चिअरफुल' हा एक शब्द

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी दुपारी इंग्रजीची शिकवणी चालते. यंदा जून-जुलै असे दोन महिने मी तिथे गेले. "नाव-पत्ता कुठं घालू नकोस, लोक सकाळी सकाळी येऊन दार वाजवतात," असं बाईंनी बजावलंय, म्हणून नाव देत नाही. बाकी सगळं लिहिते. ज्यांना खरंच जायचं आहे त्यांनी मला विचारावं, मी सांगेन.

मी तिथे का गेले ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर काम करते. सहा वर्षं झाली. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, पैसे घ्यायचे, एक्स-रेची पाकिटं काढून द्यायची. बेळगावात काउंटरवर बसायचं तर चार भाषा जिभेवर लागतात. चंदगडकडचे पेशंट मराठीत बोलतात, बैलहोंगलकडचे कन्नडमध्ये, मराठा लाइट इन्फंट्रीतले जवान आणि त्यांच्या घरची मंडळी हिंदीत. गोव्याहून येणारे कधी कोकणीत, तर कधी सरळ इंग्रजीत सुरू करतात. मराठी माझी घरची, कन्नड शाळेपासूनची, हिंदी चालून जाते. इंग्रजीची मात्र दहा-बारा वाक्यं पाठ होती आणि त्यावरच मी दिवस काढत होते.

एप्रिलच्या शेवटी माझे वडील गेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. येळ्ळूरला आमचं घर, थोडं भाताचं शेत. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झाले, कारण रजा संपली होती. सोळाव्या दिवशी कुणीतरी दवाखान्याबद्दल ऑनलाइन दोन ओळी लिहिल्या, इंग्रजीत. डॉक्टर चांगले आहेत, रिसेप्शनिस्ट चिअरफुल नाही. तीन तारे.

डॉक्टर मला काही बोलले नाहीत. फक्त फोन पुढे करून दाखवलं. मी मोबाइलवरच्या शब्दकोशात शब्द बघितला: आनंदी, प्रफुल्ल, उल्हसित. संध्याकाळी येळ्ळूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून तेच मनात घोळत होतं. आबांना जाऊन सोळा दिवस झालेत, मी आनंदी कुठून असणार? आणि मी आनंदी नाही हा माझ्या कामातला दोष कसा काय?

दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका मोठ्या क्लासमध्ये साडेआठ हजार रुपये भरले होते. तिथे एक फाइल मिळाली, शेवटी सर्टिफिकेट मिळालं आणि पाचशे शब्दांची यादी मिळाली. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एक मराठी शब्द. ती यादी मी घरी जाऊन परत काढली. हॅपी म्हणजे आनंदी. ग्लॅड म्हणजे आनंदी. मेरी म्हणजे आनंदी. जॉली म्हणजे आनंदी. चिअरफुल म्हणजे आनंदी. हे सगळं मी त्या वेळी मनापासून पाठ केलं होतं. पाचही शब्दांना एकच अर्थ असेल तर इंग्रजांनी पाच शब्द ठेवले कशाला, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही. मलाही सुचला नाही.

आमच्या दवाखान्यात दंतवैद्याच्या हाताखाली काम करणारी एक मुलगी बाईंकडे जाऊन आली होती. तिनं सांगितलं, आणि जूनच्या पहिल्या सोमवारी मी गेले.

वेळ दुपारी अडीच ते पावणेचार, सोमवार, बुधवार, शुक्रवार. ही वेळच मुळात आमच्यासारख्यांसाठी ठेवलेली आहे. बेळगावातले बहुतेक दवाखाने आणि बरीच दुकानं दुपारी बंद असतात. बाहेरगावाहून कामाला येणाऱ्या बायकांना तेवढ्यासाठी घरी जाऊन येणं जमत नाही. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झालाय, आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयांचं तिकीट मिळतं, तरी वेळ तर जातोच. इतकी वर्षं ते तीन तास मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेपर चाळत काढले.

फी महिन्याला नऊशे रुपये. आम्ही आठ जण होतो. एका इस्पितळातली नर्स, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या खानापूरच्या दोघी, गोव्याहून लग्न होऊन कॅम्पात आलेली एक मुलगी, खडेबाजारातल्या साडीच्या दुकानातले एक काका (ते घरी कन्नड बोलणारे), एका कँटीनचे मॅनेजर, कॉलेजात जाणारा एक मुलगा आणि मी. बाईंच्या बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला एक फळा, खिडकीत तुळस. बाईंनी चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलंय.

शिकवायची रीत वेगळी आहे. पहिल्या दिवशी प्रत्येकानं एक शब्द सांगायचा, 'घशात अडकलेला' शब्द, म्हणजे ज्यानं आपल्याला कधीतरी गप्प बसवलं असा. आठ जण, आठ शब्द, आठ आठवडे. नर्सनं 'सॉरी' दिला, साडीवाल्या काकांनी 'फाइन'. मी 'चिअरफुल' सांगितला. बाईंनी कारण विचारलं नाही, लिहून घेतला. माझा शब्द दुसऱ्या आठवड्यात आला आणि तिसरा आठवडाही त्यातच गेला. त्यामुळे कँटीनवाल्यांच्या शब्दाला शेवटी एकच दिवस मिळाला. त्यांनी तक्रार केली नाही, पण आठवड्यांचं गणित बाईंनी सांभाळायला हवं, हे इथे नोंदवते.

त्या सोमवारी पाऊस जोरात होता आणि वीज गेलेली होती. बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहिले आणि एकेकाकडे बोट करत विचारलं. हॅपी? आनंदी. ग्लॅड? आनंदी. जॉली? आनंदी. चिअरफुल? "आनंदीच की, बाई," खानापूरची एक म्हणाली. बाई म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला मेथी आणायला पाठवलं आणि तू शेपू घेऊन गेलीस, तर 'भाजीच की, आई' म्हणून चालेल का?"

मग बाईंनी माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. चिअर हा शब्द आठशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता चेहरा. नुसता चेहरा. हसराही नाही आणि रडकाही नाही. उतरत्या काळातल्या लॅटिनमध्ये 'कारा' म्हणजे तोंड, चेहरा. तो जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून इंग्लंडात पोचला. गोव्याची मुलगी एकदम म्हणाली, "पोर्तुगीजमध्ये अजून काराच म्हणतात चेहऱ्याला, माझी आजी म्हणायची." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावून तिच्या हातानं तो शब्द लिहून घेतला. तो लॅटिन शब्दही ग्रीकमधल्या डोकं या अर्थाच्या 'कारा'वरून आला असावा असं मानतात, आणि तो ग्रीक शब्द व आपला संस्कृत 'शिरस्' एकाच जुन्या मुळाचे. म्हणजे लांबचं का होईना, आपल्या शिराशी या शब्दाचं नातं निघतं.

पुढे चेहऱ्यावरून अर्थ सरकला, तो चेहऱ्यावर जे दिसतं त्यावर. त्या काळात चिअर चांगला असायचा तसा वाईटही असायचा, जशी आपल्याकडे मुद्रा प्रसन्न असते, चिंतातुरही असते. होता होता वाईट बाजू गळून गेली आणि एकटी चांगली उरली. आपल्याकडे 'वास'चं उलटं झालं. वास चांगलाही असतो, पण "वास येतोय" म्हटलं की सगळे नाकाला पदर लावतात.

साडीवाले काका तोवर गप्प होते. ते म्हणाले, "आमच्यात नगुमोग म्हणतात. नगु म्हणजे हसू, मोग म्हणजे मुख." बाईंनी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले: हसतमुख, नगुमोग, चिअरफुल. तिन्ही ठिकाणी चेहराच. कुठेच मन नाही, काळीज नाही.

आणि हॅपी? हॅपीच्या पोटात 'हॅप' आहे, जुन्या इंग्रजीत नव्हे, पण मधल्या काळातल्या इंग्रजीत त्याचा अर्थ योगायोग, नशीब. हॅपन, परहॅप्स, मिसहॅप यांत तोच हॅप बसलाय. हॅपी म्हणजे मुळात ज्याचं नशीब बरं तो. ग्लॅडचा जुना अर्थ चकाकणारा, उजळ. आपणही म्हणतोच की, बातमी ऐकून चेहरा उजळला.

मग बाईंनी मला ती ओळ वाचायला सांगितली. मी फोनवर जपून ठेवलेली होती ती वाचली. बाई म्हणाल्या, "या माणसानं तुझ्या मनाबद्दल काही लिहिलेलं नाही. तुझ्या घरात काय झालं ते त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. त्यानं फक्त चेहऱ्याबद्दल लिहिलंय. तू हॅपी नव्हतीस, कारण तुझ्या नशिबात त्या महिन्यात ते नव्हतं. चिअर वेगळा. तो समोरच्याच्या बाजूनं असतो."

मी वहीत मान घालून बसले. नर्सनं तिची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. वीज अजून आलेली नव्हती, पावसाचा आवाज होता, कुणी काही बोललं नाही. एवढा एक तास मला मिळाला म्हणून दोन महिन्यांची फी वसूल झाली असं मी मानते.

एका गोष्टीत मात्र मी बाईंशी सहमत नाही, आणि हे त्यांच्या तोंडावर बोलले आहे. त्यांचं म्हणणं, चेहरा ठेवणं ही कामाची शिस्त आहे, जशी स्वच्छ साडी. मला वाटतं, साडी सोळाव्या दिवशी नेसता येते, चेहरा सोळाव्या दिवशी आणता येईलच असं नाही. काउंटरवरच्या माणसाला रजाच तेवढी मिळायला हवी. बाई त्यावर एवढंच म्हणाल्या, "तेही खरं." आमच्या बेळगावकडे 'खरं' हा शब्द 'पण' म्हणूनही वापरतात. "येते, खरं उशिरा येईन," असं आई रोज म्हणते. बाईंचा 'खरं' त्यातला कुठला होता ते मी अजून ठरवलेलं नाही.

बुधवारी वापरावर भर होता. माझ्या वहीतून काही गोष्टी देते, कारण कुठल्याही यादीत मला त्या मिळाल्या नव्हत्या.

मी लिहिलं होतं, 'आय अॅम चिअरफुल टू मीट यू.' बाईंनी चिअरफुल खोडून वर हॅपी लिहिलं आणि शेजारी ग्लॅड. कुणाला भेटून, कशामुळे, कशाबद्दल, असं कारण पुढे जोडायचं असेल तर हॅपी किंवा ग्लॅड. चिअरफुल सहसा एकटा उभा राहतो. माणूस चिअरफुल असतो, आवाज चिअरफुल असतो. खोली, पडदा, रंगसुद्धा चिअरफुल असतो, पण रंग काही हॅपी म्हणत नाहीत सहसा. पिवळ्या रंगाची, ऊन येणारी खोली चिअरफुल. मराठीत आपण तिथे प्रसन्न म्हणू. प्रसन्न हा मूळ संस्कृतात गाळ खाली बसून निवळलेल्या पाण्यालाही लावत, हे मला बाईंकडूनच कळलं. उलट, ओल आलेली, थंड, अंधारी खोली म्हणजे चिअरलेस.

'चिअरफुली' असं क्रियेला जोडलं की अर्थ 'हसतहसत, कुरकूर न करता' असा होतो. रविवारी जादा काम सांगितलं आणि तिनं ते चिअरफुली केलं, म्हणजे मनात नाखुशी असेलही, पण तोंड वाकडं केलं नाही.

'चीअरी' थोडा वेगळा. तो घडीभरापुरता: जाता जाता केलेला हात, फोनवरचं एक 'हॅलो'. माणसाचा स्वभाव सांगायचा तर चिअरफुल.

'चिअर अप' म्हणजे तोंड पाडून बसू नको. परीक्षेत दोन मार्क कमी पडले, मॅच हरली, बस चुकली, तर म्हणावं. ज्याच्या घरी मयत झालंय त्याला चुकूनही म्हणू नये. तिथे हा शब्द दुखावतो. नर्सनं हे वाक्य चौकटीत लिहून घेतलं.

'चिअर्स' म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना गोवा आणि ग्लास आठवतात. ब्रिटिश माणूस मात्र नुसतं दार धरून ठेवलं तरी चिअर्स म्हणतो, तिथे त्याचा अर्थ आभार. कधी निरोप घेतानाही म्हणतात. मला याचा उपयोग झाला. दातांत चांदी भरून घेऊन गेलेल्या एका परदेशी पाहुण्यानं पावती घेताना मला चिअर्स म्हटलं, आणि मला कळलं की तो थँक यू म्हणतोय.

उच्चारावर बाईंनी अर्धा तास घालवला. आमच्यातले तिघे 'चेअरफुल' म्हणत होतो, त्यात खुर्ची येते. चिमणीतला 'चि' लांबवायचा, चमच्यातला 'च' नव्हे.

आणि 'गे'. आपल्या घरांतल्या जुन्या शब्दकोशांत गे म्हणजे आनंदी, खेळकर असंच पहिलं दिलेलं असतं. एके काळी तो अर्थ चालायचा. आज तो शब्द माणसाच्या लैंगिक ओळखीसाठी वापरतात आणि तेही आदरानं वापरतात. कॉलेजच्या मुलाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं तसं बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "यात हसण्यासारखं काही नाही. कुणाची तरी ओळख आहे ती." पुढे गेल्या.

मेरी आणि जॉलीवर फार वेळ घालवला नाही. मेरी आता मुख्यतः नाताळच्या शुभेच्छांत उरलाय, एवढं सांगितलं.

शुक्रवारी टेलिफोनचा धडा झाला. बाईंनी मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि मधलं दार लोटून घेतलं. बाहेर बाकीचे डोळे मिटून बसले. मी एकच वाक्य दहा वेळा म्हणायचं: 'गुड आफ्टरनून, डॉक्टर इज नॉट अव्हेलेबल टुडे.' पाच वेळा साधा चेहरा ठेवून, पाच वेळा हसऱ्या चेहऱ्यानं, क्रम माझ्या मनानं. बाहेरच्यांनी प्रत्येक वेळी ओळखून वहीत लिहायचं. मी ओट्यापाशी, पोह्यांच्या डब्याकडे बघत उभी होते. समोर कुणी नाही आणि हसायचं. पहिल्यांदा ओठ जड झाले होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी डब्याच्या चकचकीत झाकणात मला माझं तोंड दिसलं आणि मग जमलं. बाहेर आले तेव्हा साडीवाल्या काकांचे दहापैकी नऊ बरोबर होते, बाकीच्यांचेही सात-आठ. हसताना ओठ ताणले जातात, गालाची जागा बदलते, त्यामुळे आवाज वेगळा निघतो, असं बाईंनी समजावलं. बातमी तीच, डॉक्टर नाहीत. ऐकणाऱ्याला मात्र एकदा दार लावल्यासारखी लागते आणि एकदा 'उद्या या हं' म्हटल्यासारखी.

त्या दिवसापासून दवाखान्यातल्या फोनशेजारी मी स्टीलचा एक छोटा डबा ठेवलाय. त्यात पेन ठेवते.

तिसऱ्या आठवड्यात बाई ग्रहांवर गेल्या. शब्द 'जोव्हियल'. जोव्ह म्हणजे रोमन लोकांचा ज्युपिटर, आपला गुरू ग्रह. गुरूच्या अमलाखाली जन्मलेला माणूस मोकळा, हसरा, चार जणांना खूश ठेवणारा असतो, असं युरोपातले जुने ज्योतिषी मानत. त्यावरून जोव्हियल. शनी म्हणजे सॅटर्न, त्यावरून सॅटर्नाइन, गंभीर, काळवंडलेला. बुध म्हणजे मर्क्युरी, त्यावरून मर्क्युरियल, घडीत असा घडीत तसा. मंगळ म्हणजे मार्स, त्यावरून मार्शल, लढाऊ. फ्रेंच लोक गुरुवारला 'जदी' म्हणतात, म्हणजे जोव्हचाच वार. आमच्या गल्लीतल्या बायका शनिवारी शनीला तेल घालतात, गुरुवार धरतात. त्याच शनीची आणि त्याच गुरूची नावं इंग्रजांच्या स्वभावाच्या शब्दांत बसलेली असतील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

जोव्हियल कुणाला म्हणावं? बाईंनी सांगितलं, मुलीला किंवा लहान पोराला सहसा नाही म्हणत. जरा वयस्क, बहुतेक वेळा पुरुष माणूस, खळखळून हसणारा, बैठक रंगवणारा. खोली जोव्हियल नसते, आवाज असू शकतो.

मग प्रत्येकानं एक वाक्य लिहायचं होतं. आबा बांधावर उभे राहून शेजारच्या शेतातल्याशी बोलायचे तर त्यांचं हसणं आमच्या परड्यापर्यंत ऐकू यायचं. पेरणीच्या दिवसांत बैलाला ओरडत असतानासुद्धा मधेच हसायचे. मी लिहिलं, 'माय फादर वॉज अ जोव्हियल मॅन.' लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आबांबद्दल 'वॉज' मी पहिल्यांदा लिहिला. मराठीत मी अजून 'आबा म्हणतात' असंच बोलत होते. बाईंनी वही घेतली, वाचली, बारीकशी बरोबरची खूण केली आणि परत दिली. इतरांच्या वाक्यांत त्यांनी बरंच काही सुधारलं.

आता उणिवा. सर्टिफिकेट मिळत नाही. परदेशी जायच्या परीक्षेची तयारी करायची असेल तर इथे जाऊन उपयोग नाही. व्याकरण ओघात आलं तर आलं, क्रमानं नाही, बँकेच्या परीक्षेवाल्या दोघींची त्यामुळे थोडी निराशा झाली. बाई शब्दांच्या मुळात शिरल्या की वेळेचं भान राहत नाही आणि मला दोनदा चारच्या पाळीला पळत जावं लागलं. दुसरं गेट पडलेलं असलं की आणखी उशीर. टिपणं बाईंच्या हस्ताक्षरातली झेरॉक्स, काही ठिकाणी फिकी. दोन खुर्च्या बदलायला झाल्यात. मोठ्या आवाजात बोलावं लागतं, कारण बाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ज्यांना एका महिन्यात फाडफाड बोलायचं आहे त्यांचं इथे समाधान होणार नाही. दोन महिन्यांनीही मी फाडफाड बोलत नाही. पण बोलते त्यातला शब्द कुठला आणि का, हे मला माहीत असतं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. बैलहोंगलकडची एक आजी नातवाला घेऊन आली होती. पोराची दाढ किडलेली, गाल सुजलेला, नंबर अठ्ठाविसावा. मी आधी चेहरा वर केला आणि मग म्हटलं, "बर्री अज्जी, कुंद्री." आजी बसली. पोरगा माझ्या पेनांच्या डब्यात वाकून स्वतःचा सुजलेला गाल बघत राहिला, डब्यात तो आणखी मोठा दिसतो. मग त्याला हसू आलं आणि हसल्यावर दाढ दुखली. मी त्याचा नंबर पुढे घेतला. मागे बसलेल्या एका बाईंनी, सैन्यातल्या कुणाच्या तरी घरच्या असाव्यात, इंग्रजीत म्हटलं की आमची काही हरकत नाही, त्याला आधी जाऊ दे. 'चिअरफुली' म्हणतात तसं, मनापासून म्हटलं.

माझ्याकडून या शिकवणीला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो कँटीनवाल्यांच्या आठवड्यासाठी.

पुढची तुकडी गणपती झाल्यावर सुरू होणार आहे. आठच जागा असतात. दोनशे पानी वही न्यावी, आणि आपला अडकलेला शब्द आधीच ठरवून जावा, तिथे बसल्यावर चटकन आठवत नाही. पावसात फाटकापासूनच्या फरशीवर शेवाळ धरतं, जपून चाला. दाराला बेल नाही. कडी वाजवा, आणि जोरात वाजवा.